बोनसचे ५००० बाजूला काढलेत, घरात रोज उपयोगी पडेल असं काय घ्यावं?

टॉवेलवाला_पूर्वभाग

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहूलालोय, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे. दिवाळीचा बोनस आला, त्यातनं कपडे, फराळ, उधारी सगळं भागवून बरोब्बर ५००० बाजूला काढलेत आणि ह्या वेळी ते घरासाठीच घालायचे असं ठरवलंय. दरवर्षी हे पैसे कुठं जातात तेच कळत नाही ओ. मागच्या वर्षी मोबाईलवर जाहिरात बघून दोरी ओढायचा चॉपर मागवला, पंधरा दिवसात कांदा चिरता चिरता दोरी तुटून बायकोच्या हातात आली, परत करायला गेलो तर मुदत संपली म्हणे. आणि बादलीसकट तो गरगर फिरणारा मॉप घेतला होता, त्याचा दांडा आता आई कुत्रं हाकलायला वापरते.

घर विडी कामगारांच्या वसाहतीत, विडी घरकुलात, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड. माणसं चार, आई, मी, बायको आणि सहावीतली मुलगी. आई ६३ वर्षांची आहे, अजून विड्या वळते, पाठ धरते पण काम सोडत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, ते पण कधी रात्री ३ ला कधी पहाटे ५ ला, त्यामुळं शेडात दोन निळे बॅरल भरून ठेवावे लागतात. उन्हाळ्यात शेडखाली बसलं की तव्याशिवाय भाकरी भाजेल अशी गत.

एक वस्तू हजार-बाराशेच्या वर नको, हप्ते नकोत, आणि दाखवायची नको, रोज वापरात येणारी पाहिजे. सांगा कुणीतरी.

पुण्यात_अडकलेला

एअर फ्रायर घ्या. आमच्याकडं आहे, आयुष्य बदललं. थोडे पैसे वर घाला आणि सेलमध्ये बघा.

कडकभाकरी

का बे, त्यानं हजार-बाराशे लिहिलंय की वर. आणि एअर फ्रायरमध्ये भाकरी कडक होते का ते सांग आधी, मग घेऊ.

नळमामा

टॉवेलवाले दादा, तुमच्या बॅरलला खाली तोटी आहे का? नसेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी ते करा. मी वीस वर्षं प्लंबिंग करतोय, ज्या घरात जावं तिथं हेच बघतो, बॅरल भरलेला, आणि म्हातारं माणूस वाकून मगानं पाणी काढूलालंय. पहिल्या दिवशी ठीक असतं ओ, वरचं वर पाणी असतं, पण चौथ्या दिवशी पाणी तळाला गेलं की अर्धं अंग बॅरलात आणि पाय वर. तुमच्या आईची पाठ विड्यांनी धरते म्हणता, मला विचाराल तर निम्मी बॅरलनं धरत असेल.

सामान सांगतो. अर्ध्या इंचाची टँक निप्पल, म्हणजे बॅरलच्या भोकात बसवायचा आटेवाला तुकडा, दोन रबरी वायसर, अर्ध्या इंचाची प्लास्टिकची तोटी, एक टेफ्लॉन टेप. कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडं दोनशेच्या आत सगळं येतं. भोक तळापासून चार बोटं वर पाडायचं, एकदम तळाला नको, कारण चार दिवस पाणी साठलं की खाली गाळ बसतो आणि तोटी तळाला असली की तो सगळा घागरीत. भोक निप्पलच्या मापाचंच पाहिजे. होल सॉ, म्हणजे गोल भोक पाडायचं पातं, नसली तर त्या मापाचा लोखंडी पाईपचा तुकडा पकडीत धरून गॅसवर लाल करायचा आणि दाबायचा, लोण्यासारखं गोल भोक पडतं, फक्त हे उघड्यावर करा, त्या धुरानं डोकं धरतं. आता महत्त्वाचं. वायसर एक आतनं आणि एक बाहेरनं. लई जण दोन्ही बाहेरनं घालतात आणि मग रात्री दहाला फोन, मामा गळूलालंय. नट हातानं आवळायचा आणि वर पान्यानं फक्त पाव आटा, जास्त आवळलं की बॅरलचं प्लास्टिक वाकतं आणि तिथनंच झिरपतं. टेफ्लॉन तोटीच्या आट्यावर आटे फिरतात त्याच दिशेनं गुंडाळायचा, उलटा गुंडाळला की बसवताना सुटून गोळा होतो.

आणि बॅरल खाली ठेवून तोटीचा काय उपयोग, घागर खाली बसली पाहिजे. पण दोन विटांवर ठेवू नका, २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन आहे, घरात लेकरू आहे. वेल्डिंगवाल्याकडनं अँगलचा स्टँड करून घ्या, सव्वा फूट उंच, आठ-नऊशे लागतील. ह्यातच तुमचा मोठा खर्च होईल, पण पुढची पंधरा वर्षं बघायला नको.

एक राहिलं, जुना बॅरल आधी कशाचा होता ते माहीत नसेल तर त्यातलं पाणी प्यायला घेऊ नका, धुण्याभांड्याला ठीक.

निवृत्त_मास्तर

नळमामांच्या सल्ल्याला माझी एक पुरवणी. तोटी बसवली की बॅरलचं झाकण कायम बंद ठेवता येतं, आणि आपल्या गावात चार-चार दिवस पाणी साठवावं लागतं त्यामुळं हे फार महत्त्वाचं आहे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. लोक पाणी ओततात पण आतली कड घासत नाहीत, अंडी त्या कडेलाच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. म्हणून एक लांब दांड्याचा ब्रश घ्या, ७०-८० रुपयांचा, आणि आठवड्यातनं एकदा रिकाम्या बॅरलची आतली बाजू खसाखसा घासा. झाकण नसेल तर जुनं धोतर दुहेरी करून रबरी ट्यूबनं गच्च बांधा. आमच्या गल्लीत एका पावसाळ्यात तीन घरात डेंग्यू झाला होता, तेव्हापासून मी हे सांगत फिरतो, लोक कंटाळतात, कंटाळू देत.

जुळेसोलापूरची_सून

रात्री ३ च्या पाण्यासाठी कुणी काय करतं? आमच्याकडं सासरे नळ उघडा ठेवून त्याच्याखाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा पालथा घालायचे. पाणी आलं की त्या डब्यावर असा ताशा वाजायचा की शेजारच्या दोन घरांना पण वेगळा गजर लागायचा नाही 😄 खर्च शून्य.

आता टाकी भरल्यावर बोलणारा अलार्म बसवलाय, दोन-अडीचशेचा, दोन वायरी टाकीत सोडायच्या, पाणी तिथवर पोचलं की बाईचा आवाज येतो, टाकी भर गई है, कृपया मोटर बंद कीजिए. उपयोगी आहे, पण बोअरच्या पाण्याचा क्षार त्या वायरीच्या टोकावर चढला की बाई गप्प होते, मग महिन्या-दोन महिन्यातनं टोकं खरवडावी लागतात. आमची एकदा गप्प झाली आणि गच्चीवरनं धबधबा. पाणी चार दिवसाआड असताना गच्चीवरनं वाहणारं पाणी बघणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल.

टॉवेलवाला_पूर्वभाग

डब्याची आयडिया तर एक नंबर, आजच रात्री करतो. नळमामा, तुमचं वाचून आईला विचारलं की पाणी काढताना पाठ दुखते का, तर म्हणाली तुला आज कळलं का.

वायरमन_सात_रस्ता

पंखे किती जुने आहेत? कारण निम्म्या सोलापूरचे पंखे पाचवर ठेवून दोनसारखे फिरूलालेत आणि लोक म्हणतात पंखा म्हातारा झाला, नवीन घेऊ. अहो कॅपॅसिटर गेलेला असतो. छतापाशी त्या वाटीत एक काळी किंवा पांढरी डबी असते, काडेपेटीपेक्षा बारीक, त्यावर २.५ लिहिलेलं असतं. तेवढ्याच आकड्याची नवीन आणायची, पन्नास-साठ रुपये. मेन स्विच बंद करून दोन वायरी सोडवायच्या, दोन जोडायच्या. जुन्या डबीच्या उघड्या टोकांना बोट लावू नका, स्विच बंद असला तरी ती कधी कधी करंट धरून बसते. जमत नसेल तर कुणालाही बोलवा, दहा मिनिटांचं काम आहे. मागच्या एप्रिलमध्ये एका आजीचा पंखा असा करून दिला, आजी खाली झोपली होती ती उठून बसली, म्हणाली काय रे वादळ आलं का.

आता बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याबद्दल सगळे विचारतात म्हणून हिशोबच लिहितो. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १६ तास चालला तर रोजचं पाऊण युनिट वाचतं, महिन्याला २० ते २२. युनिटला सात-आठ रुपये धरा, दीडशे-पावणेदोनशे झाले. पंखा अडीच-तीन हजाराचा, म्हणजे पैसे सुटायला दीड-दोन वर्षं, आणि थंडीत पंखा बंद असतो ते धरलं तर अजून थोडं जास्त. बिल शंभर युनिटच्या जरा वर जात असेल तर फायदा अजून होतो, कारण शंभरच्या पुढच्या युनिटचा दर चढा असतो. पण दादा, तुमच्या बजेटमध्ये हे बसत नाही, पंखा पूर्ण जळेल तेव्हा घ्या. आत्ता कॅपॅसिटर.

दुसरं, आईला विड्या वळताना उजेड कुठनं येतो ते बघा. लोक खोलीच्या मधोमध मोठा बल्ब लावतात आणि माणूस भिंतीला टेकून खाली बसलेलं असतं, स्वतःच्याच डोक्याची सावली सुपात. एक होल्डर, चार मीटर वायर आणि ९ वॅटचा एलईडी, बसायच्या जागेच्या डाव्या बाजूला डोक्याच्या थोडा वर लटकवा. उजव्या हातानं काम करणाऱ्याला उजेड डावीकडनं लागतो.

हुरडा_स्पेशालिस्ट

थंडीसाठी पाणी तापवायचा रॉड घ्या ना, साडेतीनशेला येतो. बादलीत टाकला की थोड्या वेळात कडकडीत. गीझरचं काम साडेतीनशेत.

वायरमन_सात_रस्ता

नको. म्हणजे घ्यायचाच असेल तर आयएसआय बघून, अर्थिंग नीट असलेल्या तीन पिनच्या प्लगवर, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. पण सहावीतली मुलगी आहे, शाळेची घाई असते, पाणी तापलं का बघायला ती बोट घालणारच. जुन्या घरात अर्थिंगची वायर नुसती नावाला असते, किती ठिकाणी सांगू. रॉडच्या तक्रारीला मी जातो तेव्हा माझ्याच पोटात गोळा येतो.

हुरडा_स्पेशालिस्ट

बरं बाबा, माघार. आमच्याकडं अजून तांब्याचा बंबच आहे तसा.

अशोकचौकवाली

दादा, माझी आई पण विड्या वळायची, चाळीस वर्षं, म्हणून लिहिते. तिच्यासाठी मी जमिनीवर बसायची पाठ असलेली खुर्ची घेतली होती, आठशेची, फोम बिम लावलेली. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी खुर्ची माळ्यावर. का तर म्हणे मागं रेललं की सूप मांडीवर बसत नाही, पुढं घसरतं. आणि खरंच आहे, विडी वळणारं माणूस रेलून काम करूच शकत नाही, सूप मांडीवर, पान कापायची कात्री आणि पत्र्याचा फर्मा उजव्या हाताला, तंबाखू समोर, सगळं पुढं वाकूनच. मग एका ओळखीच्या सुतारानं युक्ती सांगितली. चार इंच उंचीचा पाट, रुंद, म्हणजे मांडी घालून पूर्ण बसता येईल असा नाही हं, फक्त बूड त्यावर आणि पाय खाली जमिनीवर. त्यावर जुन्या सोलापुरी चादरीची घडी. बूड वर आणि गुडघे खाली झाले की कंबर आपोआप सरळ राहते, आणि सूप पण जागेवर राहतं. तीनशे रुपयात झाला. आई गेली तरी पाट आहे अजून, मी भाज्या निवडायला वापरते.

आणि खिडकीशी बसवा त्यांना. तंबाखूची धूळ दिवसभर नाकात जाते, आई संध्याकाळी शिंकायची तर रुमालावर तपकिरी डाग यायचा. नाकाला ओला रुमाल बांध म्हणून सांगून थकले, बांधला नाही, पण खिडकीपाशी बसायला मात्र तयार झाली, कारण तिथनं गल्लीतलं सगळं दिसतं 😊

टॉवेलवाला_पूर्वभाग

ताई, सुपाचं तुम्ही अगदी बरोबर लिहिलंत. मी तीच खुर्ची बघून ठेवली होती, मागवणारच होतो. वाचले आठशे.

जुळेसोलापूरची_सून

किचनचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुमचा तो चॉपर, त्याचं दुःख मला कळतं, आमच्याकडं पण एक पडलाय. मुळात विळी किंवा चाकू बोथट असतो म्हणून आपल्याला चॉपर लागतो. धार लावायचा दगड घ्या, दोन बाजूंचा, एक खरखरीत एक बारीक, शंभर-सव्वाशेला मंगळवार बाजारात पण मिळतो. पाणी मारून आधी खरखरीत बाजूवर आणि मग बारीकवर, दगड आणि पात्यात फार तिरका कोन नको, थोडासाच. दोन-तीन वेळा चुकेल, मग हात बसतो. धारेच्या चाकूनं टोमॅटो दाबावा लागत नाही, नुसता ओढला की कापला जातो, पहिल्यांदा केला तेव्हा मी उगाच चार टोमॅटो जास्त चिरले.

कुकरची रिंग आणि मिक्सरच्या भांड्याखालचा तो रबरी कपलर पण बघा. कुकर शिट्टी न देता बाजूनं फुसफुसत असेल तर रिंग गेली, ऐंशी-नव्वदला येते, गॅस किती वाचतो बघा. मिक्सर नुसता आवाज करतो आणि पातं फिरत नाही तर कपलर झिजलेला असतो, लोक मिक्सरच बदलतात. शेंगाची चटणी मात्र मिक्सरमध्ये करू नका असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, उखळात कुटली तरच दाण्याचं तेल सुटतं आणि ती ओलसर चकाकी येते. मी मिक्सरमध्येच करते आणि कबूल करते, त्यांच्यासारखी होत नाही.

गॅसची नळी कधी बदलली होती? तिच्यावर साल छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदलायची असते, बऱ्याच घरात दहा-बारा वर्षांची असते आणि त्यावर फोडणीचं तेल उडून उडून ती चिकट झालेली. दोनशेच्या आसपास आहे.

आणि लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाव किलोची पुडी किराणा दुकानात मिळते. नळाची जाळी, पाणी तापवायचं पातेलं, बादलीचा पांढरा थर, सगळ्याला. लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे, अर्धा तास भिजत ठेवायचं आणि घासायचं. ब्लीचिंग पावडरमध्ये मात्र कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो. आणि शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका, तो चुन्याचाच दगड आहे, आंबट लागलं की त्याची चकाकी जाऊन पांढरा डाग पडतो. मी एकदा घाईत बादली फरशीवरच ठेवून घासली, तो गोल डाग अजून आहे, पाहुणे आले की त्यावर पायपुसणं.

पण दादा एक विचारू का? एवढं सगळं लिहिलंत, आईचं लिहिलंत, बॅरलचं लिहिलंत, चॉपर तुटला तो बायकोच्या हातात तुटला हे पण लिहिलंत. तिला विचारलंत का काय पाहिजे ते?

कडकभाकरी

😶

टॉवेलवाला_पूर्वभाग

ताई, विचारलं नव्हतं. आत्ता विचारलं. आधी म्हणाली मला काही नको. मग भांडी घासता घासता म्हणाली न्हाणीघराची कडी. मी म्हटलं काय झालं कडीला, लागते की. तर म्हणाली बाहेरनं लागते, आतनं दोन वर्षं झाली लागत नाही, दार फुगलंय, कडी भोकात जात नाही. मी म्हटलं मग आंघोळ करताना? तर म्हणाली भरलेली बादली दाराला लावून बसते आम्ही दोघी. दोघी म्हणजे मुलगी पण.

दोन वर्षं मी त्याच दारानं आत-बाहेर करूलालोय ओ. मी नुसतं दार ढकलून आंघोळ करतो, मला काय.

अशोकचौकवाली

आजच लावा. ॲल्युमिनियमची कडी घ्या, आठ इंची, साठ-सत्तरची, लोखंडी घेतली तर न्हाणीघरात गंजते. जुन्या भोकाच्या नादाला लागू नका, तीन बोटं वर नवीन ठिकाणी लावा. दार प्लास्टिकचं असेल तर नुसता स्क्रू धरत नाही, नट-बोल्ट आरपार घाला.

निवृत्त_मास्तर

पत्र्याच्या शेडचं राहिलं. कूलर घेऊ नका हे आधीच सांगतो. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून कूलर चांगला गार करतो हे खरं, पण तो गार करतो ते पाण्याची वाफ करून, तासाला तीन-चार लिटर सहज पितो. ४२-४३ च्या दिवसात दुपारपासून चालवला तर एका घागरीपेक्षा जास्त पाणी हवेत. पाणी चार दिवसाआड आणि कूलर रोज, गणित जमत नाही. आणि जूनमध्ये हवा दमट झाली की तोच कूलर नुसती चिकचिक करतो.

त्यापेक्षा हिरवी जाळी, शेतीच्या दुकानात मिळते ती शेडनेट, ७५ टक्क्यांची. पण पत्र्याला चिकटवून टाकायची नाही, बहुतेक लोक इथंच चुकतात. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून बांबू किंवा तारेवर ताणून बांधायची, म्हणजे मधनं वारा खेळतो आणि ऊन पत्र्यापर्यंत पोचतच नाही. चुना बरेच जण मारतात, सिमेंटच्या स्लॅबला चांगला, पत्र्यावर मात्र पोपडे होऊन उडतो. जाळी आत्ता थंडीतच घ्या, मार्चनंतर गर्दी आणि भाव दोन्ही चढतात.

पुण्यात_अडकलेला

एअर फ्रायरचं मागं घेतो. इथं फ्लॅटमध्ये तो ओट्यावरचा निम्मा भाग खाऊन बसलाय आणि बायको त्यावर चहाचे डबे ठेवते. पण एक खरंच सांगतो, वीज गेली की आपोआप लागणारा तो बॅटरीवाला एलईडी बल्ब घ्या, साडेतीनशेचा, साध्या होल्डरमध्ये बसतो. तीन-चार तास जातो. मुलीच्या अभ्यासाच्या जागी लावा.

कडकभाकरी

बघ, सोलापूरचं पाणी अजून अंगात हाय तुझ्या. चार दिवसाआड का होईना.

टॉवेलवाला_पूर्वभाग

मंडळी, दोन आठवडे झाले, हिशोब देतो. कडी ७०, नट-बोल्टसकट, ती त्याच दिवशी लावली. तोटी, निप्पल, टेप १९० आणि स्टँड ८५०, सध्या एकाच बॅरलला. दोन पंख्यांचे कॅपॅसिटर १२०. होल्डर, वायर, बल्ब २३०. पाट ३००. गॅसची नळी २१०, तिच्यावरचं साल बघून घाम फुटला, मुलीच्या जन्माच्या आधीचं होतं. कुकरची रिंग ९०, दगड १२०. बॅटरीचा बल्ब ३६०. जाळी आणि दोरी ७८०, आणून ठेवलीय, बांबू मेव्हणा देणार आहे. झाले ३३२०. कडीच्या दिवशी बायको काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी आंघोळीला नेहमीपेक्षा वेळ लावला आणि आतनं गाणं ऐकू आलं, मुलगी माझ्याकडं बघून हसूलालती.

आईनं पाट पहिल्या दिवशी बाजूला सारला, दुसऱ्या दिवशी मी कामावरनं आलो तर त्यावर बसलेली, मी काही बोललो नाही. तोटीचं मात्र कौतुक सगळ्या गल्लीला सांगितलं, तीन बायका बघून गेल्या. पत्र्याचा डबा नळाखाली पालथा आहेच, परवा पावणेतीनला वाजला, आख्खी गल्ली उठली आणि ज्यांनी शिव्या घातल्या त्यांनी पण पाणी भरून घेतलं.

उरलेले १६८०. मुलगी घडीचं टेबल मागूलाली, पाचशे-साडेपाचशेचं, ते घेणार. आणि दुसऱ्या बॅरलचा स्टँड.

कडकभाकरी

टॉवेल कारखान्यातला माणूस, एवढी यादी, त्यात टॉवेल नाही. घरी अंग कशानं पुसता?

टॉवेलवाला_पूर्वभाग

जुन्या साडीनं 🙈 सेकंडचा, म्हणजे थोडी खोट असलेला माल किलोवर मिळतो आम्हाला, दरवेळी म्हणतो आणू, राहतं. ह्या शनिवारी आणतो.

नळमामा, एक विचारायचं होतं. वायसर आतनं एक बाहेरनं एक, बरोबर घातले, निप्पलपाशी टिपूस नाही. पण तोटीच्या आट्यातनं थेंब येतोय, मिनिटाला एक असेल. खाली वाटी ठेवलीय.

नळमामा

टेफ्लॉनचे किती वेढे दिले?

टॉवेलवाला_पूर्वभाग

चार-पाच.

नळमामा

बॅरल रिकामा होईल त्या दिवशी काढा, जुना सगळा खरवडा, दहा-बारा द्या. तोवर वाटीतलं पाणी तुळशीला घाला.